टीकिंटर: बटणात चित्र डावीकडे, मजकूर मधोमध कसा आणायचा?

पायथन ३, टीके ८.६ (टीकिंटर म्हणजे खिडक्या-बटणं बनवायची पायथनची लायब्ररी, ती टीकेवर चालते). एकाखाली एक सारख्या रुंदीची बटणं आहेत: 'जतन करा', 'छापा', 'बंद करा'. प्रत्येकात २४ पिक्सेलचं पीएनजी चित्र. 'कंपाउंड' (चित्र मजकुराच्या कोणत्या बाजूला, ते ठरवणारा पर्याय) 'लेफ्ट' केलं की चित्र-मजकूर दोन्ही मिळून मधोमध येतात, त्यामुळे चित्रं एका रेषेत राहत नाहीत. 'अँकर' (आतला भाग कुठल्या कडेला टेकवायचा तो पर्याय) 'डब्ल्यू', म्हणजे डावी कड, दिला तर मजकूरही डावीकडे सरकतो. मजकुरामागे मोकळ्या जागा भरून पाहिल्या. देवनागरीत अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने तो जुगाडच ठरतो. फ्रेममध्ये दोन लेबलं ठेवून दिसायला जमलं, पण टॅब आणि स्पेसबार चालेनात, आणि ते मला हवेतच.

चित्रं दिसतात, त्यांचा संदर्भ व्हेरिएबलमध्ये धरून ठेवलाय. बाहेरची लायब्ररी चालणार नाही. टीटीकेच्या (टीकिंटरमधल्याच, थीम लावता येणाऱ्या बटणांच्या संचाच्या) स्टाइलमध्ये लेआउट बदलून चित्र आणि मजकूर वेगवेगळे अँकर करता येतात का?