मदत हवी आहे: बेळगावचं उष्णता बेट मोजताना उत्तर उणे येतंय

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी बेळगाव शहर आजूबाजूच्या गावांपेक्षा किती जास्त तापतं ते काढतोय. लँडसॅट ८ आणि ९ या उपग्रहांची एप्रिलमधली निरभ्र दिवसांची चित्रं गूगल अर्थ इंजिनवर (उपग्रहचित्रं हाताळायची ऑनलाइन सोय) घेतली. त्यांच्या कलेक्शन २, लेव्हल २ या तयार माहितीसंचातला पृष्ठभागाच्या तापमानाचा बँड (थर) ०.००३४१८०२ने गुणला, त्यात १४९ मिळवले, मग २७३.१५ वजा केले. सेल्सिअसमधले आकडे ठीक वाटतात.

घोडं पुढे अडतंय. शहराच्या सरासरीतून ग्रामीण सरासरी वजा करायची, पण ग्रामीण म्हणजे नेमकं कुठलं? बैलहोंगलकडची नांगरून टाकलेली काळी रानं धरली तर शहरच थंड निघतं. जांबोटीकडची झाडी धरली की तेच शहर तव्यासारखं तापलेलं! सर म्हणतात, उणे येतंय म्हणजे काहीतरी चुकलंय. मला तसं वाटत नाही, पण त्यांना पटवू कसं?

आणखी एक. उद्यमबागेतल्या काही पत्र्याच्या शेड शेजारच्या डांबरी रस्त्यापेक्षा थंड दिसतात. भर एप्रिलात त्या पत्र्याला हात लावून बघावा कुणीतरी.

उत्तर:

उणे येऊ शकतं, सरांना बिनधास्त सांगा. लँडसॅट आपल्यावरून सकाळी पावणेअकराच्या सुमारास जातो. तोवर उघडी कोरडी माती झपाट्याने तापलेली असते. ओलच नाही, मग बाष्पीभवनाने थंड होणार कशी? सिमेंट आणि दगड मात्र उष्णता पोटात घेत असतात आणि रात्री सोडतात. म्हणून मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाची रात्रीची चित्रं जोडीला घ्या. त्यांचा पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, एक किलोमीटरचा असल्याने शहापूर-वडगावच्या गल्ल्या दिसणार नाहीत, पण शहर विरुद्ध गाव एवढ्याला पुरे.

ग्रामीण भाग एका दिशेचा निवडू नका. शहराभोवती सलग पट्टा आखा, त्यातून राकसकोप जलाशयाचं पाणी आणि उंचीत फार फरक असलेली जागा वगळा. येळ्ळूरकडचं भात शिवारात उभं असतानाचा, म्हणजे ऑक्टोबरचा, हिशेब वेगळा मांडा. तेव्हा रान ओलं आणि हिरवं असतं, त्यामुळे एप्रिलच्या शेजारी ठेवलात की सरांच्या शंकेचं उत्तर तिथेच मिळेल.

पत्र्याचं म्हणाल तर उघड्या धातूची उत्सर्जकता, म्हणजे उष्णता किरणांनी बाहेर टाकायची क्षमता, फार कमी असते. तो तापलेला असूनही उष्णतेचे किरण कमी सोडतो आणि उपग्रहाला थंड वाटतो. तेवढे पिक्सेल झाका, म्हणजे हिशेबातून वगळा. आणि हे आकडे सांबऱ्याच्या हवामान केंद्राशी ताडून बघू नका; तिथे सावलीतल्या हवेचं तापमान घेतात, इथे छपराचं आणि मातीचं आहे.

कॅम्पचा, म्हणजे लष्करी छावणीचा, भाग शहरात धरलाय का? तिथल्या झाडीने सरासरी खाली येते. तो वेगळा काढून एकदा आकडे टाका इथे, बघू.