पीजी प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासासाठी इंटर्नशिप बुडवणे समर्थनीय आहे का?

नौपाड्यातील फिजिशियन:

एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी असलेल्या नीट-पीजी परीक्षेचा अभ्यास व्हावा म्हणून रुग्णालयातल्या सक्तीच्या इंटर्नशिपच्या वर्षात शक्य तेवढी कामे टाळावीत, नाईट ड्यूट्या आपसांत वाटून घ्याव्यात, सहीपुरते वॉर्डात जावे आणि उरलेला दिवस अभ्यासिकेत काढावा, असा सल्ला वरचे विद्यार्थी खालच्यांना हल्ली उघडपणे देतात. ठाण्यात माझ्या दवाखान्यात येणारे पालकही तोच सल्ला पुढे सांगतात, आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटत नाही. माझ्या मते हा सल्ला रुग्णांवर अन्याय करणारा आहेच, शिवाय परीक्षेच्या हिशेबानेही तो तोट्याचा आहे.

एक उदाहरण सविस्तर देतो. जोराच्या पावसात लोकल बंद पडल्या की ठाणे-कळवा पट्ट्यातल्या काही रुग्णांचे डायलिसिस चुकते. असा रुग्ण रात्री कॅज्युअल्टीत येतो तेव्हा त्याला फक्त अशक्तपणा वाटत असतो. पाय जड झाले आहेत, एवढेच तो सांगतो. ईसीजी काढल्यावर उंच, टोकदार टी लहरी दिसतात, म्हणजे डायलिसिस चुकल्याने रक्तातले पोटॅशियम धोकादायक वाढल्याची ती खूण असते. पोटॅशियमचा अहवाल यायला वेळ लागणार असतो, पण त्या पट्टीकडे पाहून आधी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट द्यायचे असते, कारण ते हृदयाच्या स्नायूला सावरते. पोटॅशियम पेशींमध्ये ढकलण्यासाठी इन्सुलिन आणि ग्लुकोज त्यानंतर, आणि पोटॅशियम शरीराबाहेर काढणारे डायलिसिस त्याच्याही नंतर. परीक्षेत हाच प्रसंग चार ओळींत येतो. खाली दिलेले चारही पर्याय उपचार म्हणून योग्यच असतात आणि विचारलेले असते ते एवढेच, की सर्वांत आधी काय कराल. ज्याने हा क्रम एकदा डोळ्यांसमोर घडताना पाहिला आहे, त्याला तो पाठ करावा लागत नाही.

परीक्षेची रचनाही हेच सांगते. २०० प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला वजा १. २०२४ पासून प्रश्नपत्रिकेचे ४०-४० प्रश्नांचे पाच भाग केले आहेत. प्रत्येक भागाला ४२ मिनिटे मिळतात आणि वेळ संपली की मागे जाता येत नाही. प्रत्येक प्रश्नाला जेमतेम एक मिनिट मिळत असताना आठवून आठवून उत्तर काढण्याची सोय राहत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की इंटर्नशिप प्रामाणिकपणे करावी, रोजचे ठरलेले प्रश्न सोडवण्यापुरता वेळ त्यातूनच काढावा आणि सलग वाचन इंटर्नशिप संपल्यावर करावे. त्यासाठी एक वर्ष अधिक गेले तरी चालेल.

नेरुळची इंटर्न:

सर, आपले उदाहरण मनापासून पटले, परंतु त्या प्रसंगात इंटर्न नेमका कुठे असतो, हे आपण सांगितलेले नाही. मी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात इंटर्नशिप करते आहे. असाच एक रुग्ण आमच्याकडे आला तेव्हा त्याचे रक्त मी काढले, नळ्यांवर नाव आणि नोंदणी क्रमांक लिहिला, तीन प्रतींत फॉर्म भरला आणि नमुना घेऊन दोन मजले खाली लॅबमध्ये गेले. तिथल्या खिडकीवर रांग होती. वर येईपर्यंत कॅल्शियम देऊन झाले होते आणि रेसिडेंट (वॉर्डातले निवासी डॉक्टर) पुढच्या रुग्णाकडे गेले होते. ईसीजीची पट्टी केसपेपरला टाचलेली होती. ती मी पाहिली, पण ती वाचून कुणी काय ठरवले, हे मला कुणीही सांगितले नाही. कारण सांगायला कुणाला वेळच नव्हता.

हा अपवाद असता तर मी लिहिले नसते. सलाईन लावणे, ड्रेसिंग करणे, रक्तपेढीतून पिशवी आणणे, रुग्णासोबत सोनोग्राफीला जाणे आणि डिस्चार्ज कार्ड लिहिणे, यांत बहुतेक दिवस जातो. यातले काही मी शिकलेच पाहिजे, हे मान्य. पण पन्नासाव्या डिस्चार्ज कार्डातून मी नवीन काय शिकते? दुसरीकडे परीक्षा एमबीबीएसच्या १९ विषयांवर असते. बायोकेमिस्ट्री, अ‍ॅनाटमी, फार्माकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी हे विषय वॉर्डात भेटत नाहीत. ते बसूनच वाचावे लागतात आणि एकदा वाचून ते राहतही नाहीत.

“एक वर्ष अधिक गेले तरी चालेल” हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. २०२५ मध्ये या परीक्षेला २ लाख ४० हजारांहून अधिक डॉक्टरांनी नोंदणी केली होती. त्यात दरवर्षी मागच्या वर्षांतले उमेदवार मिसळतात. तारीखसुद्धा आपल्या हातात नसते. २०२४ ची परीक्षा २३ जूनला होती. ती आदल्या रात्री पुढे ढकलली आणि शेवटी ११ ऑगस्टला झाली. २०२५ ची १५ जूनची परीक्षा, ती एकाच सत्रात घ्यावी असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आल्यावर ३ ऑगस्टला गेली. इतकी अनिश्चितता असताना हातातली पहिली संधी सोडून द्या, असे आपण कोणत्या आधारावर सांगता?

घोडबंदर रोडची एक आई:

माझी मुलगी सध्या इंटर्नशिप संपवून घरी अभ्यास करते आहे. वर्षभर ड्रॉप घेणे, म्हणजे काम न करता फक्त अभ्यास करणे, परवडते की नाही, हा प्रश्न घराघरानुसार बदलतो, हे डॉक्टरांनी लक्षात घ्यावे अशी विनंती आहे. इंटर्नशिपमध्ये स्टायपेंड तरी असतो. ड्रॉपच्या वर्षात तो बंद होतो. अभ्यासिकेचे शुल्क, ऑनलाइन कोर्स आणि ग्रँड टेस्टचे, म्हणजे पूर्ण सराव परीक्षांचे, पैसे मात्र चालूच राहतात. शिवाय नातेवाईक विचारत राहतात, “डॉक्टर झाली ना, मग अजून कसला अभ्यास?” पुढचा प्रश्न लग्नाचा असतो, आणि तो मुलीलाच विचारला जातो. त्याच वर्षी पास झालेल्या मुलाला कुणी तो विचारताना मी पाहिलेले नाही. मुलगी इंटर्नशिप बुडवते आहे हे मला कळले असते तर मी तिला रागावले असते, हेही खरे. पण तिच्या वर्षाची किंमत दुसऱ्या कुणी ठरवू नये.

वाशीतील निवृत्त अध्यापक:

मी मूळ मांडणीच्या बाजूने आहे, मात्र माझे कारण वेगळे आहे. वॉर्डात गेल्याने गुण वाढतात की नाही, हा वाद मला दुय्यम वाटतो. १२ महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण केल्याशिवाय कायमची नोंदणी मिळत नाही, कारण त्या वर्षानंतर हा माणूस एकट्याने रुग्ण पाहण्यास पात्र आहे, असे समाज गृहीत धरतो. इंटर्नच्या कामाची नोंद असलेल्या लॉगबुकवरची सही म्हणजे त्या पात्रतेची साक्ष आहे. जो इंटर्न गैरहजर असूनही सही मिळवतो आणि जो शिक्षक ती सही देतो, ते दोघे मिळून खोटी साक्ष देतात. परीक्षेत पाहिजे ती ब्रँच, म्हणजे विशेष शाखा, न मिळाल्यास हाच डॉक्टर उद्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकटा असेल. तिथे अडलेली बाळंतीण आली तर क्यूबँकमधले (सराव प्रश्नसंचातले) किती प्रश्न सोडवले होते, याचा काही उपयोग नाही.

नेरुळची इंटर्न:

सरांचा साक्षीचा मुद्दा मला मान्य आहे आणि खोट्या सहीचे समर्थन मी कुठेही केलेले नाही. माझा आक्षेप शिक्षण या नावाखाली करून घेतल्या जाणाऱ्या फुकटच्या हमालीला आहे. इंटर्न आला नाही म्हणून रुग्णाचे नुकसान होते, असे म्हणताना नमुने पोचवायला रुग्णालयाने माणूस का नेमला नाही, हे कुणीच विचारत नाही. इंटर्नच्या गैरहजेरीने वॉर्ड अडत असेल, तर तिथे कर्मचारी कमी आहेत एवढेच त्यातून सिद्ध होते.

नौपाड्यातील फिजिशियन:

नमुने पोचवण्यासाठी स्वतंत्र माणूस हवा, ही आपली मागणी रास्त आहे आणि तिला माझा पाठिंबा आहे. तरीही त्यावरचा उपाय म्हणून इंटर्नने अभ्यासिकेत जाऊन बसावे, हे मला पटत नाही. आपण लॅबमधून वर आलात तेव्हा ती पट्टी केसपेपरला टाचलेली होती, असे आपणच लिहिले आहे. कॅल्शियम दिल्यानंतर पुन्हा काढलेला ईसीजी त्याच केसपेपरमध्ये पाहायला मिळतो. लहरी खाली आल्या का, क्यूआरएसची (ईसीजीतल्या मुख्य ठोक्याच्या लहरीची) रुंदी कमी झाली का, हे दोन पट्ट्या शेजारी धरल्या की दिसते. राउंड संपल्यावर रेसिडेंटला एक प्रश्न विचारता येतो. सगळेच उत्तर देत नाहीत, पण देणारे असतात.

घोडबंदरच्या ताईंना एवढेच सांगेन की ड्रॉप सर्वांनी घ्यावाच असे माझे म्हणणे नाही. २०२४ आणि २०२५ मध्ये परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. ज्यांची इंटर्नशिप मार्च-एप्रिलमध्ये संपते त्यांना काही महिने मोकळे मिळतात, आणि तेवढ्यात अनेकांचे सलग वाचन होऊ शकते.

नेरुळची इंटर्न:

ज्यांची मार्च-एप्रिलमध्ये संपते त्यांच्यापुरते हे ठीक आहे. २०२५ च्या परीक्षेसाठी ३१ जुलैपर्यंत इंटर्नशिप पूर्ण होणे आवश्यक होते आणि परीक्षा ३ ऑगस्टला होती. ज्यांची इंटर्नशिप जुलैअखेर संपली, त्यांच्या हातात तीन दिवसही उरले नव्हते. आमच्यापैकी कुणाची इंटर्नशिप कधी संपणार, हे विद्यापीठाच्या निकालाच्या तारखेवर ठरते. त्यात आमचा काही दोष नसतो.

केसपेपर पाहण्याची आणि राउंडनंतर थांबून विचारण्याची सूचना मी पाळेन. पण आरोग्य केंद्रात काम करायच्या कम्युनिटी मेडिसिनच्या १२ आठवड्यांत ओपीडी दुपारी संपल्यावर केवळ संध्याकाळच्या सहीसाठी बसवून ठेवतात, तेव्हा मी समोर पुस्तक उघडीन आणि त्याबद्दल कुणाची परवानगी मागणार नाही. त्याच वेळी जी मैत्रीण सही आधी करून ठाण्याची लोकल पकडते, तिला मी नावे ठेवू शकत नाही. तिच्यासाठी त्या केंद्रात त्या तासाला एकही रुग्ण नसतो.