प्रिझममधली रुंद एच-अल्फा: खरी की उपकरणाची?

भरणी२७: डॉन जेडब्ल्यूएसटी आर्काइव्हमधून (जेम्स वेब दुर्बिणीच्या वर्णपटांचा खुला संग्रह) नीरस्पेक या तिच्या वर्णपटमापकाचा एक प्रिझम वर्णपट, म्हणजे कमी बारकाव्याचा पण रुंद पट्ट्याचा, उतरवला आहे. वस्तू अगदी ठिपक्याएवढी, 'लिटल रेड डॉट' (वेबला सापडलेल्या दूरच्या, लहान, लाल वस्तू) प्रकारातली वाटते: निळ्या टोकाला सौम्य, २.२ मायक्रॉननंतर एकदम लाल. ३.९४ मायक्रॉनला ठळक रेषा आहे आणि एकच गाउसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) बसवला तर रुंदी (अर्ध्या उंचीवरची) २५०० किमी/से येते. हायड्रोजनची एच-अल्फा रेषा धरली तर रेडशिफ्ट (रेषा लाल बाजूला किती सरकली याचं माप) ५.००. एवढी रुंद रेषा म्हणजे कृष्णविवराभोवती वेगाने फिरणारा वायू, असं म्हणता येईल का? आणि वस्तुमान काढायला घेऊ का?

झरोका: आधी उपकरणाची रुंदी काढून टाका. प्रिझमची विभेदनक्षमता (जवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवण्याची ताकद) सगळीकडे सारखी नसते. १.२ मायक्रॉनच्या आसपास जेमतेम ३०, ५ मायक्रॉनला ३००च्या घरात. ३.९४ला साधारण २०० धरली तर १५०० किमी/से ही उपकरणाचीच रुंदी झाली. वर्गांची वजाबाकी केली की २५००चे २००० उरतात. पण विभेदनाचे हे छापील आकडे झिरी पूर्ण उजळलेली आहे असं धरून काढलेले आहेत. नीरस्पेकमध्ये झिरीचं काम करणारं शटर ०.२ विकला (आर्कसेकंद) रुंद असतं आणि तुमचा ठिपका ते भरत नाही, म्हणून प्रत्यक्ष विभेदन जास्त मिळतं. ते १.३ पट धरलं तर उपकरणाचा वाटा ११५० होतो आणि उत्तर २२२० येतं. लिहिताना दोन्ही द्या, फरक लपवू नका.

खरी अडचण नायट्रोजनची. त्याची ६५८५ अँगस्ट्रॉमची रेषा एच-अल्फापासून ९४५ किमी/से लांब, ६५५०ची दुसऱ्या अंगाला ६७५वर. प्रिझममध्ये दोन्ही एच-अल्फाच्या पोटात जातात आणि तीन अरुंद रेषांची मिळून एक जाडजूड रेषा दिसते. त्यामुळे एका गाउसियनवर थांबू नका. अरुंद एच-अल्फा आणि नायट्रोजनची जोडी (प्रमाण ३:१ बांधून, रुंदी आणि रेडशिफ्ट एकच) हे एक मॉडेल. त्यात रुंद घटक घातलेलं दुसरं. दोन्हींचा बीआयसी (जादा घटकांची किंमत धरून मॉडेल किती चांगलं बसतं याचा आकडा) तपासा. १०पेक्षा कमी फरक असेल तर रुंद घटकाचा दावा करू नये, असं माझं मत.

ध्रुवमत्स्य: त्याच्याही आधी रेषा एच-अल्फाच आहे हे पक्कं करा. रेडशिफ्ट ५.०० असेल तर ऑक्सिजनची ५००८ अँगस्ट्रॉमची रेषा ३.०१ मायक्रॉनला, हायड्रोजनचीच एच-बीटा २.९२ला आणि लायमन-अल्फाची कड (जिच्या निळ्या बाजूला प्रकाश एकदम तुटतो) ०.७३ला दिसायला हवी. हे तिन्ही प्रिझमच्या ०.६ ते ५.३च्या पट्ट्यात येतात. ३ मायक्रॉनला विभेदन आणखी कमी, तेव्हा ऑक्सिजनच्या ४९६० आणि ५००८ या दोन रेषा एकमेकांत मिसळून एकच उंचवटा दिसेल, तो चालेल; एच-बीटा मात्र त्यापासून वेगळी दिसायला हवी.

दुसरी शक्यता रेडशिफ्ट २.६४ची: हेलियमची १.०८३ मायक्रॉनची रेषा ३.९४ला येते आणि हायड्रोजनची पाशेन-गॅमा ३.९८ला तिला खेटून. दोन्ही मिळून रुंद भासतात. तसं असेल तर एच-अल्फा २.३९ला सणसणीत दिसेल. तिथे काहीच नसेल तर हा पर्याय बाद. नुसत्या प्रकाशमापनावर (वर्णपटाऐवजी फिल्टरांतून मोजलेल्या तेजावर) विसंबल्याने काय होतं याचं उदाहरण म्हणजे सीअर्स-९३३१६ ही दीर्घिका. रेडशिफ्ट १६.४ मानली जात होती, २०२३मध्ये वर्णपटाने ती ४.९ ठरवली. ऑक्सिजन आणि एच-अल्फाच्या जोरदार रेषांनी फिल्टरांचे आकडे फुगवले होते.

भरणी२७: ३.०१ला उंचवटा आहे, २.३९ला काही नाही. दोन मॉडेलांच्या बीआयसीत १४चा फरक आला. पण ४.३ मायक्रॉनलाही एक टोकदार रेषा दिसते, ती कशातच बसत नाही.

काचबिंदू: टूडी वर्णपट (एका बाजूला तरंगलांबी, दुसऱ्या बाजूला आकाशातली जागा असलेलं चित्र) उघडा. तीन शटरांच्या नॉडिंगमध्ये (वस्तू आळीपाळीने शेजारच्या शटरांत ठेवून पार्श्वभूमी वजा करणं) खऱ्या रेषेच्या वर-खाली साधारण ५ पिक्सेलवर फिकट ऋण सावल्या उमटतात. सावल्या नसतील, डाग एक-दोन पिक्सेलांत संपत असेल, तर ते कॉस्मिक किरणाचं उरलंसुरलं आहे. सावल्या असूनही डाग मधल्या रांगेपासून सरकलेला असेल तर शेजारच्या वस्तूचा प्रकाश आलाय.

बीआयसीवरही एवढ्यात जाऊ नका. वर्णपट जोडताना शेजारचे पिक्सेल एकमेकांवर अवलंबून होतात आणि दिलेली त्रुटी खऱ्यापेक्षा कमी भरते. रेषा नसलेल्या भागात उरलेल्या फरकाचं प्रमाण विचलन काढा, त्या पटीने त्रुटी वाढवा आणि पुन्हा बसवा. १४ टिकतात का बघा.

पुढची पायरी जी३९५एम ग्रेटिंग, म्हणजे नीरस्पेकचाच जास्त विभेदनाचा पर्याय. विभेदन १०००च्या आसपास, म्हणजे ३०० किमी/से. एच-बीटा, ऑक्सिजन, एच-अल्फा एकाच पट्ट्यात येतात. ऑक्सिजन अरुंद आणि एच-अल्फा रुंद दिसली तर वेगाने बाहेर पडणाऱ्या वायूचं स्पष्टीकरण कमकुवत होतं, कारण तो वायू ऑक्सिजनच्या रेषेतही दिसला असता. ठिपका शटरच्या मध्यावर नसेल तर प्रिझम आणि ग्रेटिंगच्या रेडशिफ्टमध्ये थोडा फरक येतो, ते साहजिकच आहे.

वस्तुमानाचं: नेहमीच्या सूत्रात २×१०^६ सौर वस्तुमान, गुणिले (एच-अल्फाचं तेज/१०^४२ अर्ग/से)चा ०.५५ घात, गुणिले (रुंदी/१००० किमी/से)चा २.०६ घात. तेज १०^४३ आणि रुंदी २२०० असेल तर सुमारे ३.६ कोटी. रुंदी निम्मी झाली की वस्तुमान चौथाईवर येतं. या वस्तूंमध्ये रेषेचे पंख (दोन्ही कडांचे पसरट भाग) इलेक्ट्रॉनांवर प्रकाश विखुरल्यामुळे पसरत असावेत असा दावा आहे. तो खरा ठरला तर वायूचा मूळ वेग बराच कमी. शिवाय सूत्र जवळच्या सक्रिय दीर्घिकांवरून बसवलेलं. म्हणून ३.६ कोटी हा आकडा वरची मर्यादा म्हणूनच लिहा, आणि ग्रेटिंग मिळेपर्यंत एच-अल्फा आणि एच-बीटाच्या गुणोत्तरावरून धुळीची दुरुस्ती करू नका. प्रिझममध्ये एच-अल्फा नायट्रोजनमध्ये मिसळलेली असते, त्यामुळे ते गुणोत्तर खात्रीने मोजता येत नाही.