वैद्यकीय गांजाला ‘चोरदरवाजा’ म्हणणाऱ्यांना

शेवंती
परवा ‘रोखठोक’ यांनी एका प्रतिसादात लिहिलं की वैद्यकीय गांजा हा नशा करणाऱ्यांनी शोधलेला चोरदरवाजा आहे, आणि औषध म्हणून तो मागणाऱ्यांना खरं काय हवंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथेच उत्तर द्यायला बसले, पण दोन ओळींत मावेना. म्हणून हा वेगळा धागा.

माझ्या धाकट्या भावाला अकरा वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार, आहे. रात्री दोन-अडीचला त्याचे पाय ताठ होतात. पायात गोळा येतो तसं नाही हे. दोन्ही गुडघे एकमेकांवर आवळले जातात, पावलं आत वळतात, मांडी हाताला लाकडासारखी लागते. मी एका हाताने टाच धरते, दुसरा हात गुडघ्याखाली घालते आणि अगदी सावकाश पाय वाकवते. जरा घाई केली की स्नायू आणखी आवळतो. स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन वाढवलं की पाय सैल पडतात, पण मग दिवसभर मान टाकून बसतो. तशाच दुसऱ्या औषधाने, टिझॅनिडिनने, नुसती झोप.

नेमक्या याच त्रासासाठी नॅबिक्सिमॉल्सचा, म्हणजे गांजाच्या अर्काचा, तोंडात मारायचा फवारा आहे. एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी (नशा न आणणारा घटक). ब्रिटनमध्ये २०१० पासून त्याला मान्यता आहे. आम्हाला तो मिळत नाही. माझा भाऊ कोणत्या दरवाज्यातून चोरी करतोय, ते सांगा.

रोखठोक
तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण शब्द मागे घेत नाही, कारण तो त्याच्यासाठी नव्हताच.

कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये वैद्यकीय वापराचा कायदा झाला. त्यात कॅन्सर, एड्स वगैरे नावं होती आणि शेवटी ‘गांजाने आराम पडेल असा इतर कोणताही आजार’ असंही होतं. एवढं वाक्य पुरलं. २०१६ मध्ये तिथे करमणुकीसाठीही खुला झाला. कोलोरॅडोत वैद्यकीय २००० मध्ये, सरसकट २०१२ मध्ये. याला चोरदरवाजा नाही तर काय म्हणायचं?

आता माझंही ऐका. माझा मावसभाऊ अठराव्या वर्षी ओढायला लागला. विसाव्या वर्षी त्याने खोलीच्या दाराच्या फटीत कागदाचे बोळे कोंबले होते, बाहेरून कोणी त्याचे विचार ऐकतंय म्हणून. मावशी दाराबाहेर ताट ठेवायची आणि आतून तो म्हणायचा, आधी तू खा, मग मी बघतो. ‘झाडपाल्याने काही होत नाही’ असं त्याला सांगणारे मित्र नंतर फिरकलेही नाहीत.

फार्मसीवाला
दोघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. टीएचसीचं प्रमाण जास्त, रोजचा वापर, कोवळं वय आणि घरात मानसिक आजार, हे जुळून आलं की सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रमांच्या आजाराचा, धोका वाढतो. यात वाद नाही. पण म्हणून मोजून दिलेला फवाराही बंद? मॉर्फिनने माणसं व्यसनी होतात, तरी कॅन्सरच्या रुग्णाला आपण ते देतोच ना?

आणि अमली पदार्थांवरचा १९६१ चा आंतरराष्ट्रीय करारच वैद्यकीय आणि वैज्ञानिक वापराला मुभा देतो. त्याच्या सर्वांत कडक यादीतून, म्हणजे चौथ्या अनुसूचीतून, डिसेंबर २०२० मध्ये गांजा काढला. मतदान २७ विरुद्ध २५. पहिल्या अनुसूचीत तो अजून आहे, आणि मॉर्फिनही तिथेच आहे.

आडवाटेचा
केमोच्या उलट्यांचा मुद्दा राहिला. अमेरिकेत ड्रोनॅबिनॉलला, म्हणजे कृत्रिम टीएचसीच्या कॅप्सूलला, १९८५ मध्येच मान्यता मिळाली. म्हणजे ‘संशोधनच नाही’ ही ओरड खोटी आहे.

फार्मसीवाला
बरोबर, पण तेव्हा तुलना जुन्या औषधांशी होती. उलट्या थांबवणारं ऑन्डॅनसेट्रॉन आल्यावर चित्र बदललं. आज ते पहिलं, कॅप्सूल नंतर.

अनघा_म
सगळे कायद्यावर बोलताय, डॉक्टरांवर कोणी बोलणार आहे का? मला सहा वर्षं अंगदुखी आहे. चार डॉक्टर झाले. चौघांनी रिपोर्ट चाळले, माझ्याकडे न बघता ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणाले. एकाने तर नवऱ्याला विचारलं, घरी काही वाद आहेत का. माणूस इतका हताश झाल्यावर झाडाकडे वळणारच. शिवाय २०१४ चा अमेरिकेतला अभ्यास आहे: जिथे वैद्यकीय गांजा कायदेशीर होता तिथे अफूजन्य वेदनाशामकांमुळे होणारे मृत्यू जवळपास २५ टक्क्यांनी कमी.

फार्मसीवाला
तो अभ्यास २०१० पर्यंतच्या आकड्यांवर होता. तीच पद्धत २०१७ पर्यंत लावली तर निकाल उलटा आला, मृत्यू २३ टक्के जास्त. २०१९ मध्ये छापून आलंय. गांजामुळे मृत्यू वाढले असा याचा अर्थ नाही, राज्यांच्या सरासरीवरून असं काही ठरवता येत नाही एवढाच. वेदनेवर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२१ मध्ये पुरावा अपुरा म्हणून पाठिंबा दिलेला नाही.

अनघा_म
म्हणजे पाचवा डॉक्टर मिळाला मला. धन्यवाद.

फार्मसीवाला
मी डॉक्टर नाही. आणि तुमचं दुखणं खोटं आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

चांदणी
इथे लिहावं की नाही, दोन दिवस विचार करतेय. माझ्या मुलाला ड्रावे सिंड्रोम, म्हणजे अपस्माराचा एक गंभीर प्रकार, आहे. चार वर्षांचा आहे, वजन पंधरा किलो. रोज झटके यायचे. मी ओळखीतून सीबीडीची बाटली मिळवली, लेबलवर एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. सकाळी एक आणि संध्याकाळी एक मिलि द्यायला लागले. आठवड्यात झटके दोनवर आले. मी रडले हो त्या दिवशी.

नवव्या दिवशी तो उठेचना. डोळे अर्धे उघडे, चमच्याने दिलेलं दूध ओठाच्या कडेने खाली. झटक्यांवरचं क्लोबाझाम आधीपासून चालूच होतं. डॉक्टरांना तेलाबद्दल बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जरा शुद्धीवर आला, तेव्हा तेल बंद केलं. झटके परत सुरू झाले.

रोखठोक
माफ करा, पण हे भयंकर आहे. चार वर्षांच्या मुलावर तुम्ही घरी प्रयोग केलात आणि डॉक्टरांपासून लपवलंत?

अनघा_म
रोज झटके बघणाऱ्या आईला हे विचारायची हिंमत कशी होते तुमची? लपवावं का लागलं ते विचारा. सांगितलं असतं तर आधी ओरडले असते, मग ‘असलं करणार असाल तर माझ्याकडे येऊ नका’.

रोखठोक
ओरडले असते तर ओरडले असते! मूल दीड दिवस बेशुद्ध होतं.

आडवाटेचा
माझ्या वडिलांचं सांगतो. ते काढे घ्यायचे आणि डॉक्टरांना ‘काही नाही, तुमच्याच गोळ्या’ म्हणायचे. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना. हा रोग गांजाचा नाही, घराघरातला आहे.

फार्मसीवाला
चांदणीताई, भांडण बाजूला ठेवून वाचा. सीबीडीमुळे क्लोबाझामपासून शरीरात तयार होणारा घटक साचतो आणि गुंगी वाढते. हे माहीत असलेला डॉक्टर क्लोबाझाम कमी करतो. झटक्यांवरचं दुसरं औषध व्हॅल्प्रोएटही चालू असेल तर यकृताच्या तपासण्या लागतात, एन्झाइम चढतात. दुसरी शक्यता बाटलीची. २०१७ मध्ये ऑनलाइन घेतलेली ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, त्यातली फक्त २६ लेबलशी जुळली आणि १८ मध्ये टीएचसी निघालं. तुमच्या बाटलीत काय होतं, कोण सांगणार?

शुद्ध सीबीडीचं मान्यताप्राप्त औषध ड्रावेसाठी २०१८ पासून अमेरिकेत आहे. चाचणीत दिवसाला किलोमागे २० मिलिग्रॅम दिलं होतं. महिन्याच्या झटक्यांचा मध्यक, म्हणजे मधला आकडा, १२.४ वरून ५.९ वर आला, नुसतं सोंगऔषध घेणाऱ्यांत १४.९ वरून १४.१. तुम्हाला दिसलेला फरक भास नसावा. पण डॉक्टरांना सांगाच.

शेवंती
धागा भरकटला म्हणून ओरडायला आले होते, पण ओरडत नाही. ‘रोखठोक’, चांदणीताईंना काय हवं होतं ते आता सांगा. नशा? शुद्धतेची हमी असलेली बाटली आणि मात्रा सांगणारा माणूस, हे दोन्ही कायद्याने मिळालं असतं. बंदीने तेल थांबलं नाही, लेबल खरं आहे का हे बघणारा माणूस तेवढा थांबला.

रोखठोक
चांदणीताई, मी जास्त बोललो. त्या वेळी मावशीचं ताट डोळ्यांसमोर होतं.

फवारा, कॅप्सूल, शुद्ध सीबीडी: चाचणी झालेलं, ठराविक आजारांसाठी, तज्ज्ञाच्या सहीने, नोंद ठेवून. याला माझा विरोध नाही. खरं तर आधीही नसता, कोणी असं विचारलं असतं तर. पण ‘इतर कोणताही आजार’ म्हणून गांजाच्या सुक्या फुलांची पाकिटं द्यायला विरोध आहे आणि राहील. ओढलेल्या धुराची मात्रा कोणी सांगू शकत नाही.

अनघा_म
आणि अंगदुखीवाल्यांनी काय करायचं?

रोखठोक
तुम्हाला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. ते कुठल्या पाकिटात आहे असंही मी म्हणणार नाही.

चांदणी
काल सांगितलं डॉक्टरांना. ओरडले नाहीत. बाटली घेऊन या म्हणाले, आणि कोणत्या दिवशी किती दिलं ते लिहून आणा म्हणाले. वहीत बसून लिहितेय. तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ आठवत नाहीये.

शेवंती
‘रोखठोक’, तुमचं म्हणणं पटलं, फुलांचा हट्ट माझाही नव्हता. पण तुमच्या परवाच्या प्रतिसादात ‘मागणाऱ्यांना खरं काय हवंय ते सगळ्यांना ठाऊक आहे’ हे वाक्य अजून तसंच आहे. माझा भाऊ वाचतो इथे. ते आधी काढा.