हतनूरच्या पाणकाठाने धावायचं की नाही?

पहाटधावक, भुसावळ

चार हिवाळे झाले, रविवारी पहाटे मी हतनूर धरणाच्या फुगवट्याच्या काठाने धावतोय. डांबर सोडलं की काळ्या मातीची पायवाट लागते. एका हाताला हरभरा, दुसऱ्या हाताला तापीचं पाणी आणि पाण्यावर धुकं. सुरुवातीला आम्ही तिघं होतो, आता सतरा-अठरा जण येतात. येत्या जानेवारीत जळगाव, धुळे, चोपडा इथल्या धावकांनाही बोलवावं आणि वीसेक किलोमीटरची ट्रेल रन, म्हणजे पायवाटेवरची धाव, घ्यावी असा विचार आहे. सत्तर-ऐंशी माणसं, बक्षीस नाही, मंडप नाही. पक्षी बघणाऱ्या एका मित्राच्या कानावर हे गेलं आणि तो थेट म्हणाला, "काठाने नको. अजिबात नको." तासभर भांडलो. म्हणून इथे विचारतोय.

माझी बाजू सांगतो. खान्देशात धावायला जागा कुठे उरलीय? महामार्गावर ट्रक आणि केळीच्या गाड्या, गावात धूळ. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, सकाळी सातलाच अंग भाजतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढेच काय ते आमचे महिने. आम्ही झाड तोडत नाही, जाळं लावत नाही, कचरा उचलून आणतो. त्याच काठावर डिझेलचे पंप रात्रभर धडधडतात, सहलीला आलेले लोक स्पीकर लावतात. ते सगळं चालतं आणि आमच्या बुटांनीच पक्षी उडतात?

आणखी एक. माझ्या लेकीने पहिला चक्रवाक माझ्यासोबत धावतानाच पाहिला. ज्याचे पाय त्या मातीत मळलेत, तोच उद्या त्या पाण्यासाठी उभा राहील असं मला मनापासून वाटतं.

कादंब, जळगाव

तुमचे चार महिने सांगितलेत, आता त्यांचे ऐका. पट्टकादंब हे हंस आणि चक्रवाक ही बदकं हिमालयापलीकडून येतात ते थंडीतच, आणि मार्चपर्यंत परततात. म्हणजे तुमचा हंगाम आणि त्यांचा हंगाम एकच आहे. भांडणाचं मूळ इथे आहे, बुटांत नाही.

पक्षी उडाला की त्रास झाला, असं लोक धरून चालतात. त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो. चरणारा थवा आधी थांबतो. मग एकेक मान वर होते. मग सगळे चालत पाण्याकडे सरकतात. उडणं हे शेवटचं. तुम्ही धावताना समोर बघता, त्यामुळे तुम्हाला फक्त हे शेवटचं दिसतं. परतीच्या प्रवासाआधी या पक्ष्यांना अंगात चरबी साठवायची असते. चरण्याची सकाळ मोडली आणि शिवाय उडण्यात ताकद गेली, असा दुहेरी तोटा होतो.

सत्तर माणसं एका घोळक्यात गेली असती तर एक वेळ थवा उठला असता आणि मागाहून बसलाही असता. ट्रेल रनमध्ये तसं होत नाही. पहिला आणि शेवटचा यांच्यात दीड-दोन तासांचं अंतर पडतं. दर दोन मिनिटांनी नवा माणूस काठावर उगवतो. थव्याला खाली उतरायला उसंतच मिळत नाही.

सगळ्या पक्ष्यांना सारखाच त्रास होतो असं मात्र मी म्हणणार नाही. मोठी लालसरी हे बदक मोकळ्या, खोल पाण्यात असतं, त्याला काठावरच्या माणसाचं फारसं नसतं. चिखलात चोच खुपसणारे तुतवार, पाणलावा आणि काठालगत चरणारे कादंब, यांची खरी अडचण आहे. तुमची पायवाट नेमकी त्यांच्या ताटातून जाते.

डोंगरवाट, यावल

पहाटधावक, माघार घेऊ नका. मी स्वतः पाहिलंय, कॅमेरेवाले नाव भाड्याने घेतात आणि "उडताना" फोटो हवा म्हणून थेट थव्यात घालतात. एकदा नाही, एका सकाळी तीनदा. त्यांना पक्षीप्रेमी म्हणायचं आणि धावणाऱ्याला उपद्रवी, हा न्याय मला मान्य नाही. धावणारा पाच मिनिटांत पुढे जातो, फोटोवाला दोन तास ठाण मांडतो.

कादंब, जळगाव

नावेबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. मी त्यावर आमच्याच लोकांशी भांडलोय आणि दोन मित्र गमावलेत. पण त्यांची चूक आहे म्हणून तुमची वाट बरोबर ठरत नाही.

गाळपेरवाला, मुक्ताईनगर तालुका

मी तिथलाच. पाणी उतरलं की मोकळ्या झालेल्या गाळात हरभरा पेरतो, माझ्या बापानंही पेरला. आम्हाले कुनी विचारत नाही, म्हनून लिहितो.

कादंब आमच्यासाठी निसता देखणा पक्षी नाही. कोवळा हरभरा, गहू खुडून खातो. पहाटे डबा वाजवून हाकलावं लागतं. तरी सांगतो, मी बैल घेऊन गेलो तर तो जागचा हालत नाही, जरा बाजूले होतो. त्याले माझी चाल माहीत आहे. मागच्या डिसेंबरात लाल-पिवळे कपडे घातलेली मानसं धावत आली तर अख्खा थवा पानकाठावरून उठला आन् कुठं बसला? माझ्या वावरात. तुम्ही पुढं निघून गेले, नुकसान माझं झालं.

पंपाचं म्हनाल तर पंप एका जागी राहतो. पाखरू त्याले आठ दिवसांत ओळखतं. पळनारं मानूस पाखराले शिकारीसारखं वाटत असंन.

पहाटधावक, भुसावळ

दादा, हे मला खरंच माहीत नव्हतं. त्या डिसेंबरात आम्हीच असू. त्या हंगामात दुसरे कोणी धावताना मी पाहिले नाहीत. वाईट वाटलं.

कायदाकानू, चोपडा

थोडं नियमांचं. अनेर धरण (शिरपूर तालुका, 1986 पासून) किंवा यावल (1969 पासून) ही अभयारण्यं आहेत. तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चं कलम 27 लागतं. तिथले रहिवासी, जमीनमालक, कामावरचे सरकारी नोकर, सार्वजनिक रस्त्याने जाणारे असे मोजके सोडले तर परवान्याशिवाय आत पाय ठेवता येत नाही. तिथे ट्रेल रन घ्यायची तर आधी परवानगी, हे उघड आहे.

हतनूरची गोष्ट वेगळी. पक्ष्यांसाठी महत्त्वाची जागा म्हणून त्याची नोंद आहे, पण ते अभयारण्य नाही. पाणथळ जागांचे 2017 चे नियम लावू म्हटलं तर सिंचनासाठी बांधलेले जलाशय त्यांच्या व्याख्येतूनच वगळले आहेत. म्हणजे तापी-पूर्णा जिथे भेटतात, ज्या पाण्यावर हजारो पक्षी हिवाळा काढतात, त्या जागेला पाणथळ म्हणून या नियमांचं छत्र नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वरही बंधाऱ्यामुळेच तयार झालं. पण ते अभयारण्य झालं आणि राज्यातली पहिली रामसर जागाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. तिथे पाटी आहे, मनोरा आहे, चौकीदार आहे. हतनूरला 41 दरवाजे आहेत, पण पक्ष्यांसाठी राखणदार नाही. म्हणून "कायद्यात बसतं का" हा प्रश्न इथे विचारूच नका. बसतं. तेवढ्याने भागत नाही, हीच अडचण आहे.

नकाणेकाठ, धुळे

तुम्हनं बठ्ठं खरं शे भाऊ, पन उन्हाळ्याचं कोणीच बोललं नाही. "हिवाळ्यात पक्षी आहेत ना, मग एप्रिलमध्ये धावा" असं आमच्याकडे नकाणे तलावावर एकाने सुचवलं होतं. एप्रिलमध्ये तळ उघडा पडतो आणि टिटवी तिथेच खड्यांमध्ये चार अंडी घालते. घरटं म्हणावं असं काही नसतंच. अंड्यांचा रंग मातीसारखा, बुटाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. नदीच्या वाळूवर सुरय आणि आर्ली हे पक्षीही तशीच अंडी घालतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की समजा तुम्ही अंड्यांजवळ आहात, आणि तिला उन्हात उठवलंत तर अंडी भाजतात. आमची म्हातारी माणसं टिटवीची अंडी उंचावर की खोलगट जागेत, यावरून पावसाचा अंदाज बांधायची, म्हणून ती जागा कोणी तुडवत नसे. आता तो धाकही गेला.

डोंगरवाट, यावल

म्हणजे हिवाळ्यात नको, उन्हाळ्यात नको आणि पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते. सरळ सांगा की धावू नका. मला हे पटलेलं नाही. अशाने माणूस काठाकडे पाठ फिरवतो. मग उद्या तिथे कोणी भराव टाकला तर ओरडणारंही कोणी राहणार नाही.

कादंब, जळगाव

धावू नका असं मी म्हणत नाही. पाण्यापासून लांबून धावा म्हणतोय. आणि लांब म्हणजे नुसतं अंतरही नाही. बांधाच्या माथ्यावरून गेलात तर आभाळाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती लांबूनही दिसते. त्याच बांधाच्या पलीकडून, शेताच्या अंगाने, बाभळीच्या रांगेआडून गेलात तर अगदी जवळून गेलात तरी पुष्कळदा थव्याची मान वर होत नाही. थेट पाण्याकडे तोंड करून येणारा माणूस त्यांना जास्त भिववतो, आडवा जाणारा कमी. तुमच्या वाटेचे दोन भाग असे वळवता येतील. संगमाकडचा चिखलाचा पट्टा मात्र सोडाच. तिथे आडोसा नाही, तडजोडही नाही. आणि सत्तर माणसं नकोतच, वाट कुठूनही गेली तरी.

पहाटधावक, भुसावळ

संगमाचा पट्टा सोडला तर वाटेतला सगळ्यात सुंदर तुकडा जातो. तिथूनच चांगदेवच्या बाजूने सूर्य वर येताना दिसतो. मला ते सोडायला जड जातंय, खोटं कशाला बोलू. पण सत्तर माणसांचा बेत मी काल रात्री गटात सांगून मोडलाय. दोघं रागावले, एकाने गट सोडला. मोठी रन घ्यायचीच झाली तर सातपुड्यातल्या मनुदेवीकडच्या वाटांचं बघू, तिथे वनखात्याला आधी विचारून.

आमच्या रविवारच्या सतरा जणांचं काय करायचं ते अजून ठरत नाही. कादंब, येत्या रविवारी मी धावणार नाही. तुम्ही दुर्बीण घेऊन या. कुठल्या वळणावर मान वर होते ते दोघं मिळून पाहू आणि तिथून वाट आत घेऊ. चुन्याच्या फक्कीने खुणा करतो.

गाळपेरवाला, मुक्ताईनगर तालुका

वाट आत घेनार म्हंजे आमच्या बांधावरून घेनार. घ्या, पन बांधाचा मालक एक नाही, सहा आहेत. रविवारी मलेही बोलवा. कोनाच्या बांधावरून जायचं आन् कोनाच्या नाही, ते मी दाखवतो. आन् फक्की नका टाकू, बाभळीले चिंधी बांधा. लाल नको.