प्रति: गेम चालू असताना पीसी आपोआप रीस्टार्ट होतो
भाऊ, निळी स्क्रीन न येता डायरेक्ट रीस्टार्ट होतोय आणि इव्हेंट व्ह्यूअरमधे (विंडोजच्या नोंदी दाखवणारं टूल) कर्नल-पॉवर 41 ही एरर दिसतेय म्हणून वर दोघांनी विंडोज नव्याने टाकायला सांगितलंय, पण ते आत्ताच नका करू. 41 म्हणजे एवढंच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं, का पडलं ते त्यात नसतं. मला आधी एसएमपीएसचाच, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायचाच, संशय येतो, कारण ग्राफिक्स कार्ड क्षणभर रेटिंगपेक्षा बरीच जास्त पॉवर खेचतं आणि स्वस्तातला एसएमपीएस तिथेच मान टाकतो, म्हणून कुणाचा तरी चांगला एसएमपीएस संध्याकाळपुरता मागून आणा आणि तोच गेम खेळून बघा. घरचा इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर असेल तर यूपीएस मोडवर टाका, नाहीतर लाईट नुसती झपकली तरी पीसी रीस्टार्ट होतो, आणि आपल्याकडे ती किती झपकते ते सांगायला नको. बायोसमधे (मदरबोर्डच्या सेटिंगमधे) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडने चालवायचं सेटिंग, बंद करून पण बघा, फुकटचं काम आहे. तापमानाचं म्हणाल तर जळगावात मे महिन्यात बाहेरच 44-45 असतं, तेव्हा एचडब्ल्यूइन्फो या तापमान वगैरे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा लॉग फाईलमधे चालू ठेवा, बंद पडायच्या आधीचे आकडे सापडतील. ते इथे टाका, मग बघू. आणि हो, खोलीतल्या पाण्याच्या कूलरचं तोंड कॅबिनेटकडे नको, पाणी न् धूळ दोन्ही आत जातं.