ड्रोन असला तरी पायी मोजणी हवीच

वादळात झिजलेलं वाळूचं बेट नंतर किती सावरलं हे मोजायला ड्रोन असताना वाळूत फिरून मोजणी कशाला, असा प्रश्न पडतो. कारण फोटोंवरून बनवलेलं त्रिमितीय मॉडेल गवताचे शेंडे पकडतं, खालची वाळू नाही. वादळानंतरच्या उघड्या वाळूवर ते झकास चालतं. पण टेकड्यांवर गवत परत आलं की त्याची उंचीही वाळूतच धरली जाते आणि बेट आहे त्यापेक्षा जास्त सावरल्यासारखं दिसतं. नेमकं जे मोजायचंय तिथेच घोळ! आरटीके जीपीएस (काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा आणि उंची सांगणारं जीपीएस) घेऊन ठरावीक रेषांवर चालत उंची मोजली की हा फरक पकडता येतो.

गढूळ पाण्याखालचं तर ड्रोनला दिसतच नाही. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या फायर आयलंड या बेटाला खिंडार पडलं, म्हणजे समुद्र बेट फोडून आरपार गेला. अशा ठिकाणी वाळू कुठे गेली हे शोधायला पाण्याची खोलीही मोजावी लागते. आणि हो, उड्डाणं ओहोटीलाच घ्या, नाहीतर किनारा उगाच अरुंद दिसेल.